खारगव्याचा बांध

आमच्या घरी रविवारी दुपारी प्राणी मरायचे. जेवणं व्हायची, ताटं उचलली जायची, टेबल पुसून व्हायचं आणि मग त्याच टेबलावर कुणीतरी जीव सोडायचं. कधी विषारी दातांची घोरपड, कधी दोन शेपट्यांचा कोल्हा, एकदा तर चक्क रेड्याएवढी चिंबोरी. माझी बायको रसिका डोळ्यांत पाणीबिणी न आणता लॅपटॉपवर टाइप करायची, की फार लवकर मेली, कवच जाड करायला हवं.

रसिकाचं कामच ते आहे. टेबलाभोवती बसून खेळायचे काही खेळ असतात. त्यात बोर्ड नसतो, सोंगट्या असल्या तर असतात. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, कुणी शिकारी, कुणी चेटकीण, कुणी राजाचा पळालेला मुलगा. अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि काय घडलं ते ठरवायचं. अशा खेळांना जंगल लागतं आणि जंगलाला प्राणी लागतात. ते प्राणी रसिका बनवते. कुठे राहतो, काय खातो, किती घाव सोसतो, कशाला घाबरतो, हे सगळं लिहून त्याचं पुस्तक करायचं. त्याला म्हणतात ॲनिमल सप्लिमेंट. आमच्या मजल्यावरच्या सुगंधाकाकूंना हे कळल्यावर त्यांनी आपल्या कुत्र्यासाठी कॅल्शियमची पावडर मागितली होती. मी भाईंदरच्या एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात डिस्पॅच बघतो. माझं काम कुणालाही समजावून सांगावं लागत नाही, याचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला.

रसिकाचा एक नियम होता आणि तो ती देवाच्या वाराइतका पाळायची. टेबलावर घडलं नाही, ते पानात जात नाही. एकदा तिने एका अजगराचं इतकं देखणं वर्णन लिहिलं होतं, की ते वाचून मलाच अजगर व्हावंसं वाटलं. पण खेळताना तो नुसता पडून राहिला. गेलं वर्णन कचऱ्यात. मी म्हटलं, अगं, कुणाला कळणारे? ती म्हणाली, मला कळेल. असल्या माणसाशी संसार करायचा म्हणजे घरात रोज इन्स्पेक्शन.

म्हणून प्रत्येक नव्या प्राण्यासाठी कुणीतरी तो प्राणी व्हायचं आणि मनापासून जीव वाचवायला बघायचं. हे काम माझे सासरे करायचे. ईश्वर त्यांचं नाव, आम्ही सगळे अण्णा म्हणायचो.

अण्णा आयुष्यभर विमा कंपनीत कारकुनी करत होते, पण ऑफिसच्या गॅदरिंगला त्यांना स्टेजवर चढवायचे ते प्राण्यांच्या आवाजांसाठी. हंसाआई, म्हणजे माझ्या सासूबाई गेल्यावर ते गिरगावातली खोली सोडून आमच्याकडे भाईंदर वेस्टला आले. जावयाच्या घरी राहायचं म्हणजे माणूस थोडा अंग चोरून वावरतो. अण्णांनी पहिल्याच सकाळी मला हाक मारली, "परागराव, चहात साखर घालायला लाजलात की काय?" मला ते तेव्हापासूनच आवडले.

टेबलावर त्यांना कुठलेच नियम माहीत नसायचे आणि नकोही असायचे. चिंबोरी झाले तेव्हा अख्खा खेळ तिरके बसून खेळले. कोल्हा झाले तेव्हा समोरच्या शिकाऱ्याकडे न बघता त्याच्या हातातल्या पिशवीकडे बघत राहिले, आणि शिकारी झालेला समाधान घाबरून खरंच मागे सरकला. समाधान हा आमचा चित्रकार. घरचे मूळचे नांदेडचे, हा वाढला काशीमीऱ्याला. तिथल्या गोडाउनमध्ये आठवडाभर माल मोजायचा आणि रविवारी आमच्याकडे येऊन प्राणी काढायचा. त्याला अण्णांचा भारी लळा. "काका, तुम्ही माणसात वाया गेलात," असं तो त्यांना तोंडावर म्हणायचा.

खारगवा रसिकाला उत्तनच्या रस्त्यावर, रिक्षातून मिठागरं बघताना सुचला. म्हशीएवढा राखाडी प्राणी. पायाच्या बोटांमध्ये बदकासारखी कातडी. भरतीला खाडीत चरायला जायचं, ओहोटीला मिठागराच्या बांधावर परत यायचं. आयुष्यभर एकच बांध, त्याच बांधावर जोडी जमवायची, पिल्लंही तिथेच. पुस्तकातल्या मधल्या पानांवर भरायला ठेवलेला तो अगदी साधा प्राणी होता. शिकाऱ्यांनी मारायचा, मीठ लागलेलं मांस खायचं आणि पुढे जायचं.

पहिल्या रविवारी रसिकाने गोष्ट सुरू केली. "संध्याकाळ झालीय. पाणी ओसरलंय. पोट भरलंय. समोर बांधच बांध आहेत. अण्णा, निघा घरी."

अण्णांनी टेबलावर बोट ठेवलं आणि हळूहळू पुढे नेलं. मग थांबले. बोट मागे आणलं. दुसरीकडे नेलं. "हा माझा बांध नव्हे," म्हणाले. परत थोडं पुढे. "हाही नव्हे." समाधानचा शिकारी झुडपात दबा धरून बसला होता, पण खारगवा त्याच्यापर्यंत येईचना.

"अण्णा, बांध तिथेच आहे, रोजच्या जागी," रसिका म्हणाली.

"तिथेच होता," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मी हातातला चहा खाली ठेवला. "कुणीतरी हलवलाय."

मग समाधानने टेबलावर थाप मारली. "काका! काय डोकंय तुमचं!" रसिका तर उठून उभी राहिली. घर विसरणारा प्राणी! असलं कुणी लिहिलंच नव्हतं. तिने अण्णांच्या दोन्ही गालांवर हात ठेवले आणि ती म्हणाली, "अण्णा, तुम्ही जीनियस आहात." अण्णाही हसले. आपण काय केलं ते कळल्यासारखे हसले.

पुढचे कितीतरी रविवार मग खारगव्याचेच झाले. एका रविवारी रसिका त्याची मादी होऊन बांधावरून हाका मारत बसली, तर खारगवा जवळ आला, तिला नीट न्याहाळलं आणि अदबीने बाजूने निघून गेला. पुढच्या रविवारी त्याने पाण्यातल्या स्वतःच्या पडछायेवर शिंगं उगारली. नंतर एकदा मिठाचे खडे तोंडात धरून लपवायला जागा शोधत फिरला, आणि मिळेना तेव्हा रडला. समाधानच्या शिकाऱ्याला तो एकदाही सापडला नाही, कारण कुठे जाणार हे त्या बिचाऱ्याला स्वतःलाच माहीत नसे. रसिका भराभर टाइप करायची. एकेक गोष्ट नियम होऊन पानात जायची. तिचा चेहरा त्या दिवसांत असा काही उजळलेला असायचा, की मी भांडायचे विषयसुद्धा पुढे ढकलायचो.

घरात काय चाललं होतं? तेच चाललं होतं. बुधवारी जेवताना अण्णांनी भाताकडे बघत विचारलं, "हे कुणाचं घर?" रसिका हसून म्हणाली, "अण्णा, गेम रविवारी." शुक्रवारी ते फासे तोंडात घालून बसले होते. ते काढून घेताना तिने मला डोळा मारला आणि ती म्हणाली, "बघ, कॅरेक्टरमध्येच आहेत." एकदा त्यांनी तिला "अहो बाई" म्हटलं तर ती दिवसभर खूश होती. इतर कुठल्याही घरात या गोष्टींनी माणसं घाबरली असती. आमच्या घरात टाळ्या पडल्या.

पुस्तक छापणारी कंपनी बेंगळुरूची. त्यांनी नमुन्याची पानं लोकांना दाखवली आणि बाकीच्या प्राण्यांना कुणी विचारेना. जो तो खारगव्याबद्दल बोलत होता. कुणी लिहिलं, त्याला मारायला हात उठत नाही. कंपनीने त्याला कव्हरवर घेतला. समाधानने चित्र काढलं: ओल्या संध्याकाळी दोन बांधांच्या मधोमध उभा राहिलेला, मान वळवून मागे बघणारा खारगवा. ते डोळे अण्णांचे होते. त्याने मुद्दाम नाही काढले, तसेच आले.

मग संपादकाचा फोन आला. सगळं छान आहे, पण एक ओळ राहिलीय. प्रत्येक संकटातून बाहेर पडायची वाट खेळणाऱ्याला द्यावी लागते, नाहीतर लोक चिडतात. खारगव्याला घरी कसं पोचवायचं? तेवढं लिहा. रसिका म्हणाली, "रविवारी खेळून सांगते."

तो रविवार आलाच नाही. शनिवारी सकाळी अण्णा बिस्किटं आणायला म्हणून खाली उतरले, ते परतलेच नाहीत. वॉचमन रामू म्हणाला, "अंकल तो कब के निकल गये. मैंने पूछा किधर, तो बोले घर." आम्ही स्टेशन पालथं घातलं, भाजी मार्केट पालथं घातलं. मी त्यांच्या मोबाइलवर सारखा फोन करत होतो. ऊन कलायला लागलं तेव्हा कधीतरी एका बाईने तो उचलला.

"तुमचाच हाय का ह्यो बाबा? पालीला ये. चर्चच्या खालती, चंपाचं घर बोल, कोन पन दाखवील."

उत्तनजवळच्या पाली गावातल्या त्या बोळात रिक्षा शिरेना. आम्ही धावत गेलो. वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगांखाली एका उलट्या टोपलीवर अण्णा बसले होते. चपला चिखलाने भरलेल्या, हातात बिस्किटांचा फोडलेला पुडा. भाईंदरहून पालीपर्यंत ते कसे आले, चालत की बसने, हे आम्हाला कधीच कळलं नाही. चंपाबाई त्यांच्याशेजारी उभ्या राहून माशा वारत होत्या.

"दुपारपासून बसलाय. पानी दिला, पियाला. घर कुठं इचारला तर येकच बोलतो." त्यांनी रसिकाकडे बघितलं. "ह्यो माझा बांध न्हाय."

रसिका जिथे होती तिथेच थांबली. मी तिच्याकडे बघितलं आणि त्या क्षणी आम्हा दोघांनाही एकदमच सगळं कळलं. बांध, मादी, पडछाया, मिठाचे खडे. रसिका चिखलात अण्णांच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "अण्णा, गेम नव्हता ना तो?" अण्णांनी तिला पुड्यातलं एक बिस्किट दिलं.

मीरा रोडच्या डॉक्टरीणबाई शांत होत्या. अण्णांना काही प्रश्न विचारले, घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "कधीपासून लक्षात आलं?"

रसिका खाली बघून सांगू लागली. "आधी बांध विसरला. मग जोडीदारीण ओळखेना. तिच्यावर चिडला नाही, अदबीने वागला. मग पाण्यात स्वतःला बघून घाबरला. मग वस्तू लपवायला लागला, आणि लपवायला जागा मिळेना म्हणून रडायला लागला."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "आपण तुमच्या वडिलांबद्दलच बोलतोय ना?"

मीच हो म्हटलं. त्या म्हणाल्या, इतकं बारीक निरीक्षण करून फार थोडे नातेवाईक येतात, पण यायला उशीर झालाय. गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांनी परत काही येणार नाही, जे जातंय ते थोडं सावकाश जाईल. घरी परतताना रिक्षात रसिका एवढंच म्हणाली, "मी टाळ्या वाजवल्या, पराग. त्यांचं एकेक जात होतं आणि मी टाळ्या वाजवत होते."

मला वाटलं होतं, आता ती ते पुस्तक खाडीत फेकेल. झालं उलटंच. तिने त्या एका ओळीचा ध्यास घेतला. खारगव्याला घरी कसं पोचवायचं? हा प्रश्न आता संपादकाचा राहिला नव्हता. तिच्या डोक्यात असं काही बसलं होतं, की ती ओळ सापडली तर अण्णा सापडतील.

संपादक बिचारा भला माणूस. तो म्हणाला, मॅडम, लिहून टाका की मादीचा आवाज ऐकला की त्याला घर आठवतं. गोड वाटतं. मीही तेच म्हटलं. चिडून म्हटलं. "अगं, खोटा प्राणी आहे तो! काहीही लिही! कोण येणारे तपासायला?"

"टेबलावर घडलं नाही ते पानात जात नाही."

"नियम तुझाच आहे ना? मग मोड!"

"मी नियम पाळला म्हणून तर हे झालं," ती ओरडली. "ते जे करत होते ते सगळं मी खरं धरलं आणि पानात घातलं. आता वाट तेवढी खोटी लिहू? जे गेलं ते खरं आणि जे परत येईल ते खोटं?"

मी बाल्कनीत जाऊन उगाच कुंड्यांना पाणी घातलं.

तिने सगळं करून बघितलं. कुठल्याशा लग्नाच्या व्हिडिओत हंसाआईंचा आवाज होता. तो लावला. अण्णा टीव्हीच्या मागे जाऊन बघून आले, मग त्यांनी टीव्हीवर थापा मारायला सुरुवात केली, की तिला आत का कोंडलंय, दार उघडा. तो बंद केल्यावरही संध्याकाळपर्यंत ते पडद्याला कान लावून उभे होते. रसिकाने त्यांना गिरगावातही नेऊन आणलं. ते आपल्या जुन्या बिल्डिंगसमोरून शांतपणे चालत गेले आणि नाक्यावर थांबून म्हणाले, आता घरी जाऊ या. त्यांना आवडायचं म्हणून ती कोकिळेसारखी कुहू करायची. अण्णा तिच्याहून कितीतरी सरस कुहू करून दाखवायचे. "कोणी शिकवलं तुम्हाला?" असं ती विचारायची. ते खांदे उडवायचे. प्रत्येक वेळी ती नव्या उमेदीने सुरुवात करायची आणि प्रत्येक वेळी मला तिचा चेहरा बघवायचा नाही.

पुस्तक सोमवारी छापायला जाणार होतं. आदल्या दिवशी रविवार होता. रसिकाने समाधानला बोलावून घेतलं, टेबल पुसलं, फासे मांडले.

"आज सापडलं तर सापडलं," ती म्हणाली. "नाहीतर खारगवा पुस्तकातून काढतेय."

"कव्हरवर आहे तो!" मी म्हटलं.

"मग कव्हर कोरं जाईल."

समाधान हळूच म्हणाला, "ताई, काकांना आता नाही जमणार खारगवा. मागच्या वेळी फासा हातात धरून बसले होते नुसते."

"खारगवा मी होतेय," ती म्हणाली. "अण्णा वाटसरू. पराग, गोष्ट तू सांग."

मी जन्मात कधी गोष्ट सांगितली नव्हती. पण तिच्याकडे बघून नाही म्हणवेना. मी घसा खाकरला आणि डिस्पॅचची ऑर्डर वाचावी तसा बोलायला लागलो. "संध्याकाळ झालीय. पाणी ओसरलंय. मिठागरातून एक वाटसरू चाललाय. त्याला एक खारगवा दिसतो. खारगवा हरवलेला आहे."

रसिकाने मान वळवून अण्णांकडे बघितलं. समाधानच्या चित्रातल्यासारखं बघितलं. अण्णा इतका वेळ खिडकीकडे बघत होते. त्यांची नजर तिच्यावर आली आणि थांबली. कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या. ते पुढे वाकले.

"काय रे," ते म्हणाले. आवाज तोच, गॅदरिंगचा, आम्हाला वाटलं होतं गेला म्हणून. "घाबरलास होय? एकटाच का उभा?"

"बांध सापडत नाही," रसिका म्हणाली.

"कुठला तुझा?"

"आठवत नाही."

"असू दे, असू दे." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मलाही पुष्कळ गोष्टी आठवत नाहीत. त्याला काय होतं? चल. विचारत विचारत जाऊ."

आणि ते उठले. तिचा हात धरला. ती लहान असताना शाळेत सोडायला न्यायचे तेव्हा धरत असतील तसा, मनगटाला. रसिकाने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत जे होतं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. तिला वाटलं, झालं. मलाही वाटलं. समाधानने तोंडावर हात धरला होता.

ते दोघं स्वयंपाकघराच्या दारात गेले. "हा का तुझा?" रसिकाने मान हलवली. बेडरूमच्या दारात गेले. "हा असेल." नाही. अण्णा जराही वैतागले नाहीत. "सापडेल, सापडेल," म्हणत होते. शेवटी बाहेरच्या दारापाशी आले. दाराच्या बाजूच्या खिळ्यावर अण्णांची छत्री आणि टोपी टांगलेली, खाली त्यांच्या चपला. रसिकाने दाराला हात लावला.

"हाच," ती म्हणाली. तिचा आवाज फुटला. "हाच माझा बांध. मी इथेच राहते."

अण्णांचा चेहरा उजळला. मी त्यांना इतकं खूश कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं. "सापडला ना? बघ, मी म्हटलं नव्हतं?" त्यांनी तिच्या पाठीवर थोपटलं आणि तिचा हात सोडला. मग त्यांनी खिळ्यावरची टोपी काढून डोक्यावर घातली आणि ते चपला शोधू लागले.

"अण्णा?"

"निघतो आता. उशीर झाला." एक पाय चपलेत घालून त्यांनी आम्हा तिघांना हात जोडले. "माझी मुलगी वाट बघत असेल."

रसिका दाराला टेकून उभी होती. ती रडली असती तर बरं झालं असतं. तिने चावी घेतली, पायात चपला सरकवल्या आणि म्हणाली, "चला, मी येते सोबत." ते दोघं जिना उतरून गेले.

मी आणि समाधान टेबलाशी बसून राहिलो. त्याने वीस बाजूंचा फासा उचलला, मुठीत धरला, परत ठेवला. मग म्हणाला, "नियमाप्रमाणे सापडलं, दादा. खारगवा घरी पोचला ना. टेबलावर घडलं हे."

मला त्याला मारावंसं वाटलं. पण तो बरोबर होता, आणि म्हणूनच वाटलं.

सोसायटीला दोन फेऱ्या मारून रसिका अण्णांना परत घेऊन आली. त्यांना झोपवलं, लॅपटॉप ओढला आणि आमच्याकडे न बघता ओळ लिहिली. मी तिच्या खांद्यावरून वाचली. अनोळखी वाटसरूने हात धरला आणि प्रत्येक बांधावर थांबून विचारलं, तर खारगव्याला आपला बांध सापडतो. सोमवारी सकाळी ते पान छापायला गेलं.

पुस्तक गाजलं. त्या ओळीवर तर लोक जीव टाकतात. कुठल्या कुठल्या गावांतून रसिकाला लिहितात, की आमच्या टेबलावर काल खारगवा घरी पोचला आणि सगळे रडले. वाटसरूचं पुढे काय झालं, हे अजून कुणीही विचारलेलं नाही. पुस्तकातही ते नाही. टेबलावर घडलं होतं, तरीही रसिकाने ते पानात घातलं नाही. तिने नियम मोडला तो तेवढाच.

पहिली प्रत आली तेव्हा मी अण्णांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी कव्हरवरून हात फिरवला. "बिचारा," म्हणाले, आणि पुस्तक मला परत दिलं.

ऊन उतरलं की ते रोज उठतात, टोपी घालतात, हात जोडतात. मुलगी वाट बघत असेल. रसिका चावी घेऊन त्यांच्याबरोबर उतरते. काल मी दार लावायला गेलो तर दोघं जिन्याच्या खालच्या वळणावर पोचले होते. अण्णा कठड्याला धरून थांबले होते.

"तुम्ही रोज येता हो माझ्यासोबत," ते म्हणत होते. जन्मभर जिला अगं-तुगं केलं, तिला तुम्ही म्हणत होते. "तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं."

"रसिका."

"अरे वा!" अण्णा म्हणाले. "माझ्या मुलीचंही तेच. चला, तुमची ओळख करून देतो."